तानीच्या भाकरीचा परवाना

सूर्यकांत चुरी वेलुंडे नगरपंचायतीच्या प्रभाग क्रमांक सहामधून नऊ मतांनी निवडून आले. कुणीतरी गुलाल उधळला, तो नेमका त्यांच्या चष्म्यावर बसला, आणि पुढची दहा मिनिटं त्यांना सगळं गाव गुलाबी दिसलं.

तर असं काही झालंच नाही. मतमोजणी अजून व्हायची आहे, चष्मा स्वच्छ आहे, आणि चुरी घरच्या पडवीत बसून निवृत्तीच्या दिवशी मिळालेलं घड्याळ बघतायत, जे पहिल्या दिवसापासून बंद आहे. असं धरून चालू. गोष्टीला तेच बरं पडतं.

वेलुंडे हे गाव डहाणू आणि तलासरीच्या मधे येतं, नकाशाची घडी पडते बरोबर तिथे. घड्या घालून घालून त्याचं नाव पुसलं गेलंय. नकाशात ते दिसत नाही, तरी सरकारला सापडतं, हे विशेष. तिथे आधी ग्रामपंचायत होती, मग नगरपंचायत झाली. पाटी बदलली, रंग बदलला, परवान्याचं टेबल मात्र तेच राहिलं आणि त्या टेबलामागे चुरीही तेच राहिले, एकतीस वर्षं.

माणूस अत्यंत सचोटीचा. एकतीस वर्षांत कुणाकडून चहासुद्धा घेतला नाही. “घेतला असता तर बरं झालं असतं,” असं त्यांची बायको लतिका म्हणायची. ती शाळेत शिकवायची, त्यामुळे तिला सचोटीचे परिणाम जवळून माहीत होते. “चहा घेणारा निदान काम तरी करतो.”

चुरी भाकरी मात्र घ्यायचे. रीतसर पैसे देऊन, हे आधीच सांगितलेलं बरं.

भाकरी तानीची. तानी वरठा कचेरीसमोरच्या चिंचेखाली हातगाडी लावायची. तांदळाची भाकरी, हातावर थापलेली, आणि सुक्या बोंबलाची चटणी. पहिली भाकरी ती चुलीच्या कडेला ठेवायची, ती कुणालाच द्यायची नाही. दुसरी रिक्षावाल्यांची. एक वाजला की चुरी टेबलावरून उठायचे, रस्ता ओलांडायचे आणि उभ्यानं दोन भाकऱ्या खायचे. तानी न मागता चटणी जास्त वाढायची. दोन वाजता चुरी परत टेबलावर. तीन वाजता, कधीमधी, ते एक नोटीस लिहायचे: ‘कचेरीसमोर विनापरवाना खाद्यविक्री आढळून आली आहे.’ अक्षर सुंदर होतं. आढळून आलेली खाद्यविक्री अजून पोटात असायची.

परवान्यासाठी तानीनं अर्ज केला नव्हता असं नाही. सहा वेळा केला. वेलुंड्यात भाकरी विकायला चौदा कागद लागायचे. तिनं तेरा जमवले. त्यातले पाच तलासरीहून, दोन डहाणूहून, आणि एक कुठून आणला ते तिलाही सांगता येईना. अडलं चौदाव्यावर. चौदावा कागद म्हणजे ‘अर्जदाराने यापूर्वी विनापरवाना विक्री केलेली नसल्याचा दाखला’. तो द्यायचा परवाना लिपिकानं, स्वतःच्या माहितीवरून.

आता चुरींची माहिती अशी होती, की बाई रोज एक वाजता विक्री करते. ते स्वतः साक्षीला उभे असतात आणि चटणी चांगली असते. खोटा दाखला देणं त्यांच्या रक्तात नव्हतं. त्यांनी अर्ज परत केला. पेन्सिलीनं चौदाव्या ओळीभोवती गोल केला.

“सायेब,” तानी म्हणाली, “मंग तुमी खाऊ नका. तुमी नाय खाल्ली तर मी इकली कुठं?”

चुरींना यात तथ्य दिसलं. नियमात मागच्या नव्वद दिवसांपुरतीच अट होती. नव्वद दिवस त्यांनी भाकरी खाल्ली नाही तर ‘माझ्या माहितीत नाही’ असं ते खरंखुरं लिहू शकले असते. त्यांनी प्रयत्न केला. चौथ्या दिवशी एक वाजता ते रस्ता ओलांडून उभे राहिले. तानीनं भाकरी वाढली. त्यांनी खाल्ली. चार वाजता तिचा अर्ज तिसऱ्यांदा परत गेला.

पुढे अतिक्रमण हटावची मोहीम आली. यादी चुरींनी केली. त्यात अनुक्रमांक अकराला ‘चिंचेखालील हातगाडी (भाकरी)’ असं लिहिलं होतं. गाडी ट्रॅक्टरवर चढवली गेली, तेव्हा ते खिडकीत उभे होते. त्या दिवशी त्यांनी डबा आणला होता. यादी आपणच केली असल्यामुळे त्यांना आधीच माहीत होतं.

तानी चारोटीला गेली, हायवेच्या नाक्यावर. तिथे ट्रकवाले थांबतात आणि कागद कुणी विचारत नाही. दीड वर्ष तिचं बरं चाललं होतं म्हणे. मग एका सकाळी एक टेम्पो रस्ता सोडून कडेला आला. कडेला तानीची चूल होती.

बातमी तीन ओळींची आली आणि त्यात नाव ‘तारा’ छापलं. त्यामुळे चुरींना आठ दिवस कळलंच नाही. कळल्यावर ते तीन वाजेपर्यंत चिंचेखाली नुसते उभे राहिले आणि मग टेबलावर येऊन त्यांनी उशीर झाल्याची नोंद स्वतःच्या नावापुढे केली.

इथवर चुरींना एवढंच वाटत होतं, की नियम वाईट होता आणि आपण नियमाप्रमाणे वागलो. माणूस अशा समजुतीवर बरीच वर्षं झोपू शकतो. पण निवृत्तीच्या दिवशी टेबलाचा खण रिकामा करायचा असतो. खणाच्या तळाशी एक परिपत्रक निघालं. लहान विक्रेत्यांसाठीचा ‘पूर्वी विनापरवाना विक्री नसल्याचा दाखला’ रद्द करण्यात येत आहे, सबब तो यापुढे मागू नये. तारीख तानीच्या पहिल्या अर्जाच्या दहा महिने आधीची. खाली कोपऱ्यात ‘पाहिले’ असं लिहून सही. अक्षर सुंदर.

चुरी एकतीस वर्षं प्रत्येक परिपत्रकावर ‘पाहिले’ लिहीत आले होते. रोज सात-आठ यायची. सगळी पाहत बसलो तर काम कधी करणार, असा त्यांचा हिशेब होता. कचेरीत सगळेच तसं करतात. या एका सहीखाली मात्र एक बाई होती.

निरोपसमारंभात त्यांना शाल, नारळ आणि ते बंद घड्याळ मिळालं. परिपत्रक त्यांनी शर्टाच्या आत ठेवून घरी आणलं. सरकारी कागद घरी नेण्याचा त्यांच्या आयुष्यातला हा एकमेव गुन्हा.

दोन वर्षांनी निवडणूक लागली, तेव्हा त्यांनी लतिकाला सांगितलं, “मी उभा राहतोय.”

“कुठे?”

“प्रभाग सहा. अपक्ष.”

लतिका वह्या तपासत होती. लाल पेन खाली न ठेवता म्हणाली, “अहो, जन्मभर पंचायतीचं मीठ खाल्लंत.”

“म्हणूनच. किती पडतं ते मला माहीत आहे. ते कमी करायचंय.” मग त्यांनी परिपत्रक तिच्यापुढे ठेवलं. तिनं वाचलं. वहीतली चूक दाखवावी तसं पेनाचं टोक ‘पाहिले’पाशी नेलं आणि तिथेच थांबवलं.

“तिच्या घरी सांगितलंत?”

“नाही.”

“मग आधी मतं मागणार की आधी तोंड दाखवणार?”

चुरींना काय हवं होतं ते सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याचा घोळ नको. त्यांना खुर्ची नको होती. तानीचा कागद व्हायला हवा होता. ती नाही तर तिची मुलगी योगिता, चिंचेखाली, हक्कानं, कुणाला न विचारता. आणि चौदातला एक सोडून बाकीचे कागद जाळायचे होते. त्यासाठी आत जाणं भाग होतं. बाहेरच्या माणसाचं पंचायत ऐकत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार. न ऐकणारे तेच होते.

चिन्ह म्हणून त्यांनी तवा मागितला. तव्याला दोन मागण्या आल्या, चिठ्ठी काढली, आणि चुरींना कपाट मिळालं. एकतीस वर्षं लोकांच्या फायली कपाटात ठेवणाऱ्याला कपाट. गावात दोन दिवस लोक खुशीत होते.

पत्रकं छापायला ते डहाणू रोडला गेले. स्टेशनजवळ रोशनभाईचा जुना छापखाना आहे, लग्नपत्रिका आणि निवडणुका यांवर चालणारा. त्यानं मजकूर वाचला, कागद उलटून मागची बाजू बघितली.

“सूर्यकांतभाई, आमां तो कंई छे ज नई.”

“आहे ना. एक ओळ आहे.”

ओळ अशी होती: ‘मी निवडून आलो तर पंचायतीला तुमच्या वाटेतून बाजूला करीन. बाकी तुम्ही करा.’

“अने आ नीचे एटली बधी जगा खाली?” रोशनभाई मराठीवर आला. “तिथे फुलं टाकू? हात जोडलेला फोटो?”

“रिकामीच ठेवा. लोकांची जागा आहे ती.”

रोशनभाईनं चष्म्यावरून पाहिलं. “छपाईचे पैसे पूर्ण पडतील हां. रिकाम्या जागेचेपण.”

बाजाराच्या दिवशी चुरींनी मंडईच्या शेडसमोर स्टूल ठेवलं आणि त्यावर चढले. माइक नव्हता. माइकला परवानगी लागते, आणि त्यांनी ती मागायची नाही असं ठरवलं होतं. पुढच्या रांगेला ऐकू गेलं, मागच्या रांगेला पुढच्यांनी सांगितलं.

“मंडळी, मी तुम्हाला काहीच देणार नाही. पंचायतीनं पाणी द्यावं, गटार वाहतं ठेवावं, दिवा लावावा, कचरा उचलावा. आणि कुणाच्या हातचं खाऊन कुणी आजारी पडू नये, एवढं बघावं. त्यासाठी एक कागद पुरतो. भाकरीला आपल्याकडे चौदा लागतात. मला पाठ आहेत, म्हणून दाखवू?”

“नको,” कुणीतरी म्हणालं.

“मोठ्या दुकानाला चौदा कागद म्हणजे एक फोन. जिच्याकडे एक तवा आहे, तिला चौदा कागद म्हणजे चौदा दिवसांची मजुरी बुडाली. नियम मोठ्याला नडत नाही. नियम त्याच्या दारावरचा राखणदार असतो, लहानाला आत येऊ देत नाही. पंक्चरवाला, शिलाईवाली, वडेवाला, हे स्वतःचं पोट स्वतः भरतात. त्यांना मदत नको. त्यांच्या वाटेत आपण खुर्ची टाकून बसलोय, ती उचलायची एवढंच.”

नितीन पाटील गर्दीत उभा होता. समोरच्या पक्षाचा उमेदवार, धंद्यानं पेव्हर ब्लॉकचा ठेकेदार. तो वाईट माणूस नव्हता, फक्त जमीन दिसली की ती झाकावी असं त्याला वाटायचं.

“काका, सगळेच रस्त्यावर बसले तर चालायचं कुठून?”

“रेघ मार. रेघेच्या बाहेर कुणी आला तर उठव. रेघेच्या आतल्याला विचारू नको, तू कोण, तुझा आजा कोण.”

“बरोबर आहे,” नितीन म्हणाला. “पण काका, हे चौदा कागद मागत कोण होतं?”

लोक हसले. चुरीही हसणार होते.

“मी.”

“तानीची गाडी कुणी उचलली?”

“ट्रॅक्टरनं. यादी मी केली.”

आता कुणी हसलं नाही. नितीनलाही बोलून चुकल्यासारखं झालं. चुरी स्टुलावर तसेच उभे राहिले, उतरायचं कसं ते विसरल्यासारखे. शेवटी लतिकानं पुढे येऊन हात दिला. घरी जाताना म्हणाली, “हरायचंच होतं तर घरी हरायचं. मी होते की.”

दुसऱ्या दिवशी ते चारोटीला गेले.

दुपारचा एक वाजला होता. नाक्यापासून जरा आत, ताडपत्रीखाली योगिता भाकऱ्या थापत होती. वीस-एकवीस वर्षांची असेल. तिनं एकदा वर बघितलं.

“चटणीवाले साहेब.”

“तू ओळखतेस?”

“आई सांगायची. दोन भाकऱ्या आणि चटणी चार भाकऱ्यांची.” तिनं ताटली पुढे केली. “बसा. बाकडं आहे आता.”

चुरी बसले नाहीत. त्यांनी परिपत्रक काढलं आणि उभ्यानंच सगळं सांगितलं. तारीख सांगितली. सही दाखवली. योगिता ऐकताना थापत राहिली. एक भाकरी तव्यावर, एक हातात.

“म्हणजे पहिल्याच दिवशी मिळाला असता?”

“हो.”

“मी सातवीत होते तेव्हा.” तिनं भाकरी उलटली. “तुमच्या कचेरीत यायचं म्हणून ती नवीन लुगडं नेसायची. सहा वेळा नेसली. तेवढं तर ती लग्नाकार्याला पण नेसली नाही.”

“आठवतं मला.”

“नाही आठवणार. तुम्ही वर बघतच नव्हता, ती म्हणायची. खाताना बघायचात, टेबलावर नाही.”

एक ट्रक हॉर्न देत गेला.

“मी निवडून येईन की नाही, माहीत नाही,” चुरी म्हणाले. “पण ती चिंचेखालची जागा मी तुला मिळवून देतो. एकच कागद. मी स्वतः आणून देतो. इथे धोका आहे, पोरी.”

“ते मला सांगता?”

चुरींनी परिपत्रकाची घडी घातली.

“मला नको जागा,” योगिता म्हणाली. आवाज चढला नव्हता. “मला इथे गिऱ्हाईक आहे. कागद आईला हवा होता. द्यायचा तर तिला द्या.”

“मृत व्यक्तीच्या नावे परवाना देता येत नाही.”

वाक्य आपोआप बाहेर पडलं, अगदी पूर्ण, क्रियापदासकट. बोलल्यावर चुरींनी तोंडावर हात ठेवला.

“बघा,” योगिता म्हणाली. “तयारच असतं.”

तिनं ताटलीत चटणी वाढली, नेहमीच्या मापानं, म्हणजे इतर गिऱ्हाइकांना वाढायची तेवढीच. “खा. वाया घालवू नका.”

त्यांनी खाल्ली. चव तीच होती. तेच वाईट होतं.

मतदान शाळेत झालं. वर्गात चार लोखंडी कपाटं होती, आणि कपाट हे एका उमेदवाराचं चिन्ह. त्यामुळे मतदान केंद्रात चिन्हाचा प्रचार होऊ नये म्हणून चारही कपाटांवर पांढऱ्या चादरी घातल्या होत्या. एक म्हातारी आत आली, चादरी बघून दारातच थबकली आणि हळू आवाजात विचारलं, “कोण गेलं?” केंद्राध्यक्ष म्हणाले, “कुणी नाही, आजी, मत द्या.” आजीनं हात जोडले आणि मगच बोटाला शाई लावून घेतली.

पुढचं झालं नाही असं आपण धरलंय. तरी गुलाल धुतल्यावर चुरींना सतरांपैकी एक खुर्ची मिळाली. पहिल्याच सभेत त्यांनी तेरा कागद रद्द करण्याचा ठराव मांडला. सभेनं तो एकमतानं समितीकडे सोपवला. समिती अजून बनायची आहे. सदस्य होण्यासाठी लागणारे कागद कोणते, यावर मार्गदर्शन मागवलंय. नितीन पडला होता, तरी सभेला येऊन मागे बसला होता. जाताना म्हणाला, “काका, वाईट वाटून घेऊ नका, हे असंच असतं.” चुरी म्हणाले, “मला माहीत आहे. मीच बसवलंय.”

घरी येऊन त्यांनी एक अर्ज लिहिला. सुंदर अक्षर, जे त्यांना आता बघवत नव्हतं. लतिकानं वाचला, लाल पेन हातात होतं, पण तिनं काही खूण केली नाही.

परवान्याच्या टेबलावर आता प्रगती नावाची मुलगी बसते. तिनं अर्ज दोनदा वाचला.

“काका, यावर अर्जदाराची सही लागेल.”

“लागेल.”

“मग हा मला परत करावा लागेल.”

“पंधरा दिवसांत. कारण लिहून.”

प्रगतीनं शिक्का उचलला, आवक क्रमांक घातला. कोपऱ्यात काही लिहिणार तेवढ्यात थांबली आणि पेन टोपणात घातलं. “पंधरा दिवस ठेवते,” म्हणाली. “पूर्ण वाचते.”

अर्ज असा:

प्रति,
मा. मुख्याधिकारी,
वेलुंडे नगरपंचायत.

विषय: कै. तानी लहान्या वरठा यांना भाकरी विक्रीचा परवाना मिळणेबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, अर्जदार यांनी परवान्यासाठी एकूण सहा वेळा अर्ज केले असून, अस्तित्वात नसलेल्या अटीवरून ते निम्नस्वाक्षरीकाराने परत केले आहेत. यात अर्जदाराचा कोणताही दोष नाही. अर्जदार पहिल्या अर्जाच्या दिवशी सर्व बाबतीत पात्र होत्या, व त्यांची भाकरी उत्तम होती, याबाबत निम्नस्वाक्षरीकार स्वतःच्या माहितीवरून दाखला देत आहे.

तरी सदर परवाना पहिल्या अर्जाच्या दिनांकापासून मंजूर करण्यात यावा, त्यानंतरच्या सर्व घटना विनापरवाना घडल्या असल्याने रद्द समजण्यात याव्यात, आणि अर्जदारास कार्यालयीन वेळेत समक्ष बोलावून, संबंधित लिपिकाने खुर्चीवरून उठून, त्यांच्याकडे बघून, परवाना त्यांच्या हाती द्यावा, ही नम्र विनंती.

आपला विश्वासू,
सूर्यकांत चुरी